एक मिलीमीटरची गोष्ट

मंडळी, कॅमेऱ्यावर होणारा खर्च हा आमच्या घरातला एक नाजूक विषय आहे. त्यामुळे हा लेख लिहायला बसलो तेव्हा सौ.नी मागून डोकावून विचारलं, "आता काय नवीन घ्यायचं ठरलंय, अहो?" काही नाही. उलट काय काय घेऊ नये हेच इथे सांगायचं आहे. फुलं, मुंग्या, फुलपाखरं, आजीची नथ अशा बारीकसारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढायची हौस आपल्या मंडळातल्या पुष्कळांना असते. तिला मॅक्रो फोटोग्राफी म्हणतात, आणि तिच्या नावाखाली दुकानदार वाट्टेल ते विकतो. आम्हीही फसलो. पण आम्ही या भानगडीत पडलो ते हौसेपोटी नव्हे, आईसाठी. म्हणून सुरुवात आईपासून.

२०२४ च्या मे महिन्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली. ऑक्टोबरात परत जायचं ठरलेलं. आई तीस वर्षं साताऱ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आता तिला मॅक्युलर डीजनरेशन झालं आहे. म्हणजे नजरेच्या कडा शाबूत असतात, पण नेमकं जिथे बघायचं तिथेच, मधोमध, धुरकट डाग. समोरच्याची उंची कळते, साडीचा रंग कळतो, चेहरा कळत नाही. वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, खालची बातमी येत नाही. चष्म्याचा नंबर वाढवून काही होत नाही. पण वस्तू मोठी करून दाखवली आणि भरपूर उजेड दिला, तर तिला बरंच दिसतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

कन्येच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी मिल्कवीडच्या बियांचं एक पाकीट आलं होतं. ते आम्ही बॅकयार्डच्या कुंपणाशी टाकून दिलं आणि विसरून गेलो. आता तिथे कमरेएवढं रान माजलंय. एके सकाळी आई कुंपणाशी चाचपडत उभी होती. हातात तुटलेलं पान, बोटाला पांढरा चीक.

"अरे, ही रुई इथे कुठून आली?"

"आई, ती रुई नाही. मिल्कवीड आहे."

"तुम्ही नाव काय ठेवायचं ते ठेवा. पान तसं, चीक तसा. रुई नसली तर रुईची बहीण असेल."

आम्ही आत जाऊन पुस्तक काढलं, तर आई बरोबर! शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांचा हार घालतात ती आपली रुई आणि इथलं मिल्कवीड एकाच कुळातले. त्यांच्यावर वाढणारी फुलपाखरंही नात्यातली. इथलं मोनार्क आणि आपल्याकडे रुईवर अंडी घालणारं नारिंगी प्लेन टायगर, दोघंही डॅनॉस या एकाच प्रजातीसमूहातले. दोघांच्याही अळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या.

संध्याकाळी चहा पिताना आई म्हणाली, "अंडी, अळी, कोश, फुलपाखरू. तीस वर्षं फळ्यावर काढलं. अळ्या मुलं काडेपेटीतून आणायची, कोशही पाहिले. अंडं मात्र कधी पाहिलं नाही. फळ्यावर एक ठिपका द्यायचे आणि पुढे जायचे." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्याकडे एवढे कॅमेरे पडलेत. दाखव की मला."

आता बोला!

पहिला डाव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक मोनार्क मादी कुंपणाशी घिरट्या घालून गेली. ती एका वेळी एकेकच अंडं घालते, तेही बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. कन्येने पानं उलटून उलटून एक अंडं शोधलं. उंची जेमतेम एक मिलीमीटर, रंग फिकट पिवळसर पांढरा. खसखशीचा दाणा पानाला चिकटवला तर कसा दिसेल, तसं.

आधी फोन काढला. २०२१ च्या आयफोन १३ प्रोपासून काही फोनना अगदी दोन सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. फुलाचा, भुंग्याचा, नथीचा फोटो त्याने झकास येतो. पण खसखशीच्या दाण्याचा आला तो खसखशीच्या दाण्यासारखाच. शिवाय फोन इतका जवळ न्यावा लागला की त्याचीच सावली पडली.

मग त्या रात्री आम्ही तेच केलं जे परदेशातला कुठलाही इंजिनिअर करतो. क्रेडिट कार्ड काढलं. नळकांड्यावर सोनेरी अक्षरांत 'मॅक्रो' लिहिलेली एक झूम लेन्स मागवली. दोन दिवसांनी खोका आला. लेन्स लावली, टी.व्ही.वर फोटो टाकला, आईला पुढ्यात बसवलं. आई म्हणाली, "पान छान आलंय."

चौथ्या दिवशी अंड्याचं टोक काळं दिसू लागलं. आतल्या अळीचं डोकं कवचातून दिसायला लागलं की अंडं फुटायला आलं असं समजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेन्सचं माहितीपत्रक वाचत बसलो होतो तेवढ्यात कन्या ओरडत आली. अंडं नव्हतं. अळीने बाहेर येऊन कवचसुद्धा खाऊन टाकलं होतं. बाहेर पडल्यावर तिचा पहिला घास बहुधा तोच असतो.

"असू दे रे," आई म्हणाली. "मला ठिपक्याची सवय आहे."

हे वाक्य आम्हाला जरा लागलंच. लेन्स परत पाठवली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे आधी करायचं ते आम्ही शेवटी करत होतो.

आधी गणित, मग दुकान

मॅक्रो या शब्दाचा खरा अर्थ साधा आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढीच असेल तर ते प्रमाण १:१, आणि तिथून पुढे खरं मॅक्रो. प्रतिमा निम्मी असेल तर १:२, पाव असेल तर १:४. आमच्या त्या सोनेरी अक्षरांच्या झूमचं प्रमाण बारीक टायपात दिलेलं होतं १:४. म्हणजे मॅक्रो हा शब्द वाचायचा नाही, प्रमाण वाचायचं. नावांचा घोळ तर विचारूच नका. निकॉन कंपनी आपल्या अशा लेन्सना 'मायक्रो' म्हणते. त्याचं कारण असं की १९५६ साली आलेली त्यांची पहिली मायक्रो-निक्कॉर ही जपानी लिपीतली बारीक अक्षरं मायक्रोफिल्मवर नीट उतरावीत म्हणून बनवलेली होती.

आता आमचा हिशेब बघा. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलीमीटर रुंद. बेसमेंटमधला टी.व्ही. ५५ इंची, म्हणजे रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर. सेन्सरवरचं चित्र टी.व्ही.वर जवळजवळ ५२ पट मोठं होतं. एक मिलीमीटरचं अंडं १:४ प्रमाणात घेतलं तर टी.व्ही.वर दिसणार सव्वा सेंटीमीटरचं. छोल्याचा एक दाणा! १:१ ने घेतलं तर पाच सेंटीमीटर, म्हणजे लिंबू. आणि २:१ ने, म्हणजे सेन्सरवरच दुप्पट मोठं करून घेतलं, तर दहा सेंटीमीटर. चांगलं सीताफळ.

आईला लिंबू पुरलं नसतं. सीताफळच हवं होतं. हे एकदा ठरल्यावर काय घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटला. तुम्हीसुद्धा आधी हेच ठरवा. गुलाबाचं फूल किंवा मोठं फुलपाखरू हवं असेल तर १:४ ते १:२ भरपूर झालं. नथीतला एक मोती, मधमाशी, तुळशीच्या मंजिरीतलं एक फूल यांना १:१ च्या आसपास जावं लागतं. अंडी, मुंगीचा चेहरा, फुलपाखराच्या पंखावरचे खवले हवे असतील तर त्याच्याही पुढे.

जवळ जाण्याचे चार रस्ते

साधी लेन्स फार जवळचं का दाखवत नाही? वस्तू जितकी जवळ, तितकी लेन्स सेन्सरपासून लांब सरकावी लागते, आणि नळकांडं एका मर्यादेपलीकडे सरकत नाही. ही मर्यादा ओलांडायचे चार रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे लेन्सला चष्मा लावणे. लेन्सच्या पुढे फिल्टरसारखं एक बहिर्गोल भिंग बसवायचं. त्याला क्लोज-अप लेन्स म्हणतात आणि त्याचा नंबर चष्म्यासारखाच डायॉप्टरमध्ये असतो. हिशेब सोपा आहे. लेन्सची फोकल लेंग्थ मीटरमध्ये घ्या आणि डायॉप्टरने गुणा. २५० मि.मी.ची लेन्स आणि ४ नंबरचं भिंग, म्हणजे ०.२५ गुणिले ४, बरोबर १. झालं १:१! त्यामुळे हा प्रकार लांब पल्ल्याच्या झूमवर फार छान चालतो. शिवाय उजेड कमी होत नाही. पण चार-चार भिंगांचा स्वस्तातला संच घेऊ नका. एकेरी भिंगाने कडांना जांभळी-हिरवी झालर येते. दोन भिंगं जोडून हा दोष काढलेला असतो त्याला अॅक्रोमॅट म्हणतात. तसं एकच घ्या. चिमट्यासारखं लेन्सच्या तोंडावर बसणारं रेनॉक्सचं ८ डायॉप्टरचं डीसीआर-२५० हे त्यातलं प्रसिद्ध.

दुसरा रस्ता एक्स्टेन्शन ट्यूबचा. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये पोकळ नळी घालायची. आत काच नाही, काही नाही, नुसती हवा. नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ, इतकं प्रमाण वाढतं. ५० मि.मी.च्या लेन्समागे ५० मि.मी.ची नळी म्हणजे १:१. डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठी १२, २० आणि ३६ मि.मी. अशा तीन नळ्यांचा संच मिळतो, तो मिळून ६८ मि.मी. होतो. हवेचे पैसे का द्यायचे असं सौ.नी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण ऑटोफोकस आणि अॅपर्चर चालावं यासाठी नळीत विजेच्या पिना असतात, पैसे त्यांचे. पिना नसलेल्या नळ्या खूपच स्वस्त पडतात.

तिसरा रस्ता म्हणजे लेन्स उलटी लावणे. हो, चक्क उलटी! ५० मि.मी.ची लेन्स रिव्हर्सिंग रिंग घालून तोंड कॅमेऱ्याकडे करून बसवली की जवळजवळ १:१ मिळतं, २८ मि.मी.ची बसवली तर दुपटीच्या आसपास. ही रिंग म्हणजे एका बाजूला फिल्टरचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा खाचा, बस्स. अट एकच. लेन्सवर अॅपर्चरची रिंग हवी, कारण उलट्या लेन्सशी कॅमेरा बोलू शकत नाही. आजकालच्या बऱ्याच लेन्सना ती नसते. जुन्या लेन्सना हमखास असते.

चौथा रस्ता खरी मॅक्रो लेन्स घेण्याचा. हा सर्वांत सुखाचा आणि सर्वांत महाग. यात लेन्सची फोकल लेंग्थ बघून घ्या. ६० मि.मी.च्या लेन्सला १:१ साठी वस्तूच्या दहा सेंटीमीटरच्या आत जावं लागतं, तेवढ्यात फुलपाखरू उडून जातं. १०० मि.मी.च्या आसपासच्या लेन्सला तेरा-पंधरा सेंटीमीटर अंतर राहतं. कीटकांसाठी हीच बरी. दागिने, नाणी, पोस्टाची तिकिटं यांना मात्र ६० ची पुरते. ती कुठे उडून जात नाहीत.

आम्ही कुठला रस्ता धरला? बेसमेंटमध्ये खोकी उपसताना एम.एस. करत असतानाचा आमचा सेकंडहँड पेंटॅक्स के-१००० सापडला. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा निघत होता आणि फोटोग्राफीच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचा अगदी लाडका होता. त्यावर ५० मि.मी.ची लेन्स होती, अॅपर्चरच्या रिंगसकट. विद्यार्थिदशेत ज्या लेन्सने आईला पत्रातून पाठवायला बर्फाचे फोटो काढले, तीच उलटी करून नळ्यांवर चढवली. उलटी लेन्स आणि ६८ मि.मी.ची नळी मिळून प्रमाण दुपटीच्या थोडं वर गेलं. सीताफळ! खर्च म्हणाल तर पिना नसलेल्या नळ्या आणि एक रिंग, दोन्ही मिळून घरच्यांना बाहेर जेवायला नेण्याएवढा.

खरी अडचण पुढेच

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पहिला सरावाचा फोटो काढला खसखशीच्या दाण्याचा आणि तो आला काळा, हललेला आणि धूसर. मॅक्रोमध्ये मोठं करणं हा सोपा भाग आहे. आणखी तीन शत्रू असतात.

पहिला शत्रू म्हणजे खोली. फोटोत पुढून मागे जितका भाग स्पष्ट दिसतो त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. आमच्या सेन्सरवर एफ/८ अॅपर्चरला ती १:१ प्रमाणात साधारण ०.६ मिलीमीटर येते आणि २:१ ला जेमतेम पाव मिलीमीटर. अंड्याचा पोटाकडचा भाग स्पष्ट असेल तर कडा धूसर. तुम्ही म्हणाल, अॅपर्चर आणखी बारीक करा, एफ/२२ ठेवा. आम्हीही तेच केलं आणि सगळंच चित्र मऊ पडलं. कारण जवळ गेल्यावर खरं अॅपर्चर लिहिलेल्यापेक्षा बारीक होतं. आकड्याला 'एक अधिक प्रमाण' याने गुणायचं. २:१ ला एफ/८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२४. त्याच्या पलीकडे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशच पसरतो. म्हणून एफ/८ च्या आसपास थांबायचं आणि फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक फोटो काढायचे. मग कॉम्प्युटरवर त्यांचे स्पष्ट भाग एकत्र जोडायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर असे प्रोग्रॅम हे काम करतात. आजच्या काही कॅमेऱ्यांत ही सोय आतच असते.

दुसरा शत्रू अंधार. वरच्याच हिशेबाने २:१ ला सेन्सरवर उजेड नवव्या भागाएवढा उरतो. इथे फ्लॅशला पर्याय नाही. पण उघडा फ्लॅश मारला की अंड्यावर एक पांढरा चट्टा उठतो आणि बाकी सगळं काळं. उजेड मऊ हवा असेल तर उजेडाचा उगम वस्तूच्या मानाने मोठा आणि जवळ हवा. बाजारात याचे डिफ्यूझर मिळतात. आम्ही दह्याचा रिकामा पांढरा डबा कापून फ्लॅशला लावला. आपल्या घरांत दह्याचे डबे का साठवतात याचं उत्तर सौ.ना बारा वर्षांनी सापडलं.

तिसरा शत्रू हलणं. वस्तू दुपटीने मोठी होते तेव्हा हातातला कंपही तितकाच मोठा होतो. कमी शक्तीवर ठेवलेला फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागात चमकून जातो, त्यामुळे एकेक फोटो निभावतो. पण स्टॅकिंगसाठी पाच-दहा मिनिटं काहीच हलायला नको. आम्ही जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं, तर चिरंजीव जिन्यावरून उतरले की अंडं टी.व्ही.च्या बाहेर! इथल्या घरांची लाकडी जमीन एखाद्या तराफ्यासारखी डुलते हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ए.सी.च्या झोताने पान थरथरायचं ते वेगळंच. शेवटी सगळं बिऱ्हाड बेसमेंटमध्ये हलवलं. खाली सिमेंटची जमीन, वरून येणारा वारा बंद.

दुसरा डाव

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अंडं सापडलं. या वेळी आम्ही तयार होतो. मोनार्क कमी होत चालली आहेत. त्यांना संकटग्रस्तांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव अमेरिकन सरकारच्या वन्यजीव खात्याने पुढे डिसेंबर २०२४ मध्ये मांडला. त्यामुळे आम्ही अंडं असलेलं एकच पान देठासकट घेतलं आणि देठ पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवला. अळी बाहेर आली की परत झाडावर सोडायची हे आधीच ठरलेलं. कीटक हलू नयेत म्हणून त्यांना फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो फोटो कितीही चांगला आला तरी चांगला नव्हे.

मांडणी अशी होती. पानाची कड कपड्याच्या चिमट्यात धरून चिमटा लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवला. कॅमेरा ट्रायपॉडवर, त्याखाली फोकसिंग रेल. ही म्हणजे स्क्रूने कॅमेरा केसाकेसाने पुढे-मागे सरकवणारी पट्टी. लेन्स आणि अंडं यांत सहा-सात सेंटीमीटर अंतर. एका बाजूला तारेने जोडलेला फ्लॅश, त्यावर दह्याचा डबा. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली एचडीएमआय केबल थेट टी.व्ही.ला. फोकस साधायला लावलेल्या छोट्या एल.ई.डी. दिव्यात जे काही कॅमेऱ्याला दिसत होतं, ते त्याच क्षणी पडद्यावर.

आईची खुर्ची टी.व्ही.पासून हातभर अंतरावर. आम्ही स्क्रू फिरवत होतो. पडद्यावर आधी हिरवं धुकं, मग पानाची लव, मग एकदम मधोमध ते उभं राहिलं. सीताफळाएवढं.

आई पुढे वाकली. मान जराशी तिरकी केली, कारण तिला कडेने बघावं लागतं. बराच वेळ काही बोलली नाही.

"याला कंगोरे आहेत रे," ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत. देवळाच्या घुमटासारखे."

"हो."

"आणि मी आपली तीस वर्षं गुळगुळीत ठिपका काढत बसले."

त्या दिवशी आम्ही बारा फोटो काढून जोडले. पुढचे तीन दिवस आई सकाळी चहाचा कप घेऊन बेसमेंटमध्येच. चौथ्या सकाळी टोक काळं झालं. आम्ही ऑफिसला फोन करून सांगितलं की घरी महत्त्वाचं काम आहे, आणि ते खोटं नव्हतं. अकराच्या सुमाराला कवचाला एक भोक पडलं. काळं चकचकीत डोकं आतून कडा कुरतडत होतं. हळूहळू पांढरट, पारदर्शक अळी बाहेर आली, जराशी थबकली, मागे वळली आणि कवच खायला लागली. पडद्यावर ती जवळजवळ आईच्या हाताएवढी दिसत होती. आई प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत होती. "आता डोकं आलं. आता पाय. बघ, बघ, वळली." तिच्याशेजारी कन्या मांडी घालून बसली होती. खरं म्हणजे कन्येला सगळं दिसत होतं, तिला सांगायची गरज नव्हती. पण ती गप्प बसून ऐकत होती. आमच्या लक्षात आलं, वर्ग चालू होता.

संध्याकाळी अळी कुंपणाशी परत सोडली.

तर काय घ्याल?

आमचा सल्ला थोडक्यात असा. आधी घरात काय आहे ते बघा. फोन, जुनी लेन्स, बेसमेंटमधली खोकी. मग काय दाखवायचं आहे आणि ते किती मोठं हवं याचा हिशेब करा. लांब पल्ल्याची झूम असेल तर एक चांगलं अॅक्रोमॅट घ्या, ५० मि.मी.ची लेन्स असेल तर नळ्या. दुसरी खरेदी लेन्सची नको, उजेडाची असू दे. म्हणजे फ्लॅश, त्याची तार आणि एक दह्याचा डबा. तिसरी खरेदी स्थैर्याची, म्हणजे ट्रायपॉड आणि रेल. हे सगळं वर्षभर वापरून झालं आणि तरी हौस टिकली, तर मॅक्रो लेन्स घ्या, आणि तीही सेकंडहँड बघा. या लेन्स वर्षानुवर्षं चालतात. उलट क्रमाने गेलात तर आमच्यासारखं खोके परत पाठवत बसाल.

आणि कीटक हिवाळ्यात मिळत नाहीत म्हणून कॅमेरा गुंडाळून ठेवू नका. व्हर्मॉंटमधल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली हा शेतकरी. १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला, आणि आयुष्यभरात असे पाच हजारांवर काढले. त्याला पहिला मायक्रोस्कोप मिळाला तो त्याच्या आईकडून. ती लग्नाआधी शिक्षिका होती, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

ऑक्टोबरात आई परत गेली. जाताना तिने त्या अंड्याचा मोठा प्रिंट करून मागितला. तो गुंडाळून, नळकांड्यात घालून, हातातल्या बॅगेतून नेला, सामानात टाकू दिला नाही. आता तो तिच्या जुन्या शाळेत चौथीच्या वर्गात लावला आहे. परवा फोनवर म्हणाली, "डाग वाढलाय जरा. पण मागच्या अंगणात रुई फुटलीये. डिसेंबरात येताना तुझं ते उलटं भिंग घेऊन ये. आपल्या रुईवरचं अंडं अजून राहिलंय."

तिकिटं काढली आहेत. नळ्या, रिंग आणि लेन्स मिळून सामानात किलोभरही होत नाहीत. दह्याचा डबा तिकडे मिळेलच.